दुखणे, विमा आणि ज्ञातीचा निधी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय साहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



वार्षिक सभेत हिशोबपत्रक वाचले जात असता ‘वैद्यकीय साहाय्य निधी’ ही बाब आली की सभागृहात थोडी चुळबुळ सुरू होते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. पूर्वी प्रश्न एकच असे : मागणाऱ्यांच्या मानाने निधी अपुरा का? अलीकडे मात्र निराळाच प्रश्न पुढे आला आहे. शासनाने राज्यातील प्रत्येक कुटुंबास वर्षाकाठी पाच लाख रुपयांचे विमासंरक्षण दिले असता आपल्या या निधीचे प्रयोजन तरी काय उरले? काही सभासदांच्या मते हा निधी आता विद्यार्थी साहाय्याकडे वळवावा. दुसऱ्या काहींचे म्हणणे असे की, याच पैशातून ज्ञातीच्या सर्व कुटुंबांचा स्वतंत्र सामूहिक विमा उतरावा. दोन्ही सूचना सद्‌हेतूने केलेल्या आहेत आणि दोन्ही आम्हांस अमान्य आहेत. का अमान्य, ते आज सविस्तर सांगावे अशी अध्यक्षांची आज्ञा आहे.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्याच महिन्यात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणीतील मजुरांचा मोठा जमाव चालून गेला. कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही, त्याचा धर्म भ्रष्ट होतो, अशी भीती घरोघर बसली होती. तेव्हा शहरातील निरनिराळ्या ज्ञातींनी व धर्मसमाजांनी आपापल्या माणसांसाठी प्लेगची तात्पुरती रुग्णालये उघडली. रोग्याला आपल्या पंक्तीचे अन्न मिळे, उशाशी आपली माणसे असत, म्हणून लोक तेथे येण्यास धजत. ज्ञातिसंस्थांनी त्या काळी केलेली ही सेवा लहान नव्हती. परंतु प्लेगचा उंदीर एका ज्ञातीच्या चाळीतून दुसरीच्या चाळीत जाताना कोणास विचारीत नसे. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच तयार केलेली लस आणि १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने हाती घेतलेले नव्या रस्त्यांचे व घरांचे काम, या गोष्टी कोणत्याही एका ज्ञातीच्या आवाक्यातल्या नव्हत्या. ज्ञाती रोग्याची शुश्रूषा करू शकत होती. रोगाचा बंदोबस्त सर्वांनी मिळूनच करावयाचा होता. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

आजारी माणसाच्या खर्चाचा भार समाजाने उचलावा, ही कल्पनाही आजची नव्हे. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणासही औषधोपचाराला मुकावे लागू नये, हे त्या अहवालाचे पायाभूत तत्त्व. गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच विचारातून निघाली. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि आपल्यापैकी ज्यांचे वडील, आजोबा गिरण्यांत किंवा कारखान्यांत होते, त्यांच्या घरी ‘ईएसआय’चा दवाखाना हा शब्द परिचयाचा झाला. तो विमा पगारदार कामगारांपुरता, तोही ठरावीक वेतनमर्यादेच्या आतील कामगारांपुरता होता. २०१७ साली ही मर्यादा मासिक २१,००० रुपये झाली. शेतावर राबणारा, रिक्षा चालविणारा, किराणा दुकानात माप घालणारा किंवा घरी खानावळ चालविणारी विधवा, ही मंडळी त्याच्या बाहेरच राहिली.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ही मोठी उणीव भरून काढण्याचा पहिला व्यापक प्रयत्न २ जुलै २०१२ रोजी झाला. त्या दिवशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई शहर, उपनगर व रायगड हे आपल्या ओळखीचे जिल्हे त्यांत होते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यास लागू झाली. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि उपचारांची यादी ९७१ प्रकारांची, असे तिचे स्वरूप होते. २०१७ साली योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले गेले. नावे देण्यात आपले राज्यकर्ते उदार असतात, हे खरे. तथापि हे नाव येथे शोभून दिसते. ज्या गृहस्थाने १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला आणि ज्याच्या पत्नीने १८९७ साली पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता देह ठेवला, त्या दांपत्याचा सार्वजनिक आरोग्याशी संबंध केवळ नावापुरता नाही.

पुढे २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली, आणि २०२० च्या एप्रिलपासून दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्र चालू लागल्या. खरा पालट झाला तो १ जुलै २०२४ पासून. त्या दिवसापासून संरक्षण पाच लाखांचे झाले, उपचारांची यादी १,३५६ वर गेली (ती आणखी वाढविण्याचा निर्णयही नंतर झाला), आणि मुख्य म्हणजे पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंबही आत आले. आपल्या ज्ञातीतील मध्यमवर्गीय कुटुंबे, जी आजवर ‘आपण काही गरिबांत मोडत नाही’ असे म्हणून या विषयाकडे पाठ फिरवीत होती, तीही आता या योजनेची लाभार्थी झाली आहेत. ही गोष्ट पुष्कळांस अद्याप ठाऊक नाही, असे समितीकडे येणाऱ्या अर्जांवरून दिसते. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या योजनेतून स्वतंत्र संरक्षण मिळू लागले. बडोद्यास व इंदुरास असलेल्या आमच्या ज्ञातिबांधवांस महाराष्ट्राची योजना लागू नाही. परंतु त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस हे दुसरे कार्ड निश्चित काढता येते.

आता योजनेचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे, कारण अडचण नेमकी तेथेच आहे. शासन प्रत्येक उपचाराची रक्कम अगोदरच ठरवून ठेवते. रोगी योजनेशी संलग्न अशा रुग्णालयात दाखल झाला की तेथे बसलेला आरोग्यमित्र त्याची कागदपत्रे तपासतो, रुग्णालय उपचाराची पूर्वमान्यता मागविते, आणि मान्यता आली की ठरलेल्या रकमेत खाट, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रोग्याचे जेवण, घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधे, इतकेच नव्हे तर परतीच्या प्रवासाचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही येते. रोग्याने एक पैसाही द्यावयाचा नाही. कागदावर याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार?

परंतु आमच्यापुढे आलेले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगण्याची गरज नाही. घरातील कर्त्या पुरुषाच्या हृदयाची शस्त्रक्रिया तातडीने करावयाची होती. रुग्णालय योजनेशी संलग्न होते, उपचार यादीतला होता. परंतु शिधापत्रिका अजून दिवंगत आजोबांच्या नावावर. तीन भाऊ विभक्त होऊन बारा वर्षे झाली तरी तिच्यावर तिघांचीही कुटुंबे एकत्र. आणि ज्याला दुखणे झाले त्याचे आधार कार्डावरील नाव शिधापत्रिकेवरील नावाशी जुळेना, कारण एकीकडे वडिलांचे नाव होते आणि दुसरीकडे ते गाळलेले होते. तलाठी, तहसील आणि शिधावाटप कार्यालय यांच्या खेपा सुरू झाल्या. त्या खेपा पुऱ्या होण्याआधी पत्नीने मंगळसूत्र व पाटल्या गहाण टाकून अनामत भरली. नंतर समितीकडे अर्ज आला. समितीने यथाशक्ति रक्कम दिली. पण ज्या कुटुंबास एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नव्हते, ते आज सोनाराचे व्याज फेडीत आहे.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. पाच लाखांचे संरक्षण माणशी नसून कुटुंबास मिळून आहे, आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिका. तीन चुली एका पत्रिकेवर असतील तर तीन चुलींस मिळून पाच लाख. एका भावाच्या दुखण्यात रक्कम संपली तर त्या वर्षी दुसऱ्या भावाच्या घरी काही उरत नाही. वडिलांच्या पश्चात पत्रिका वेगळी करणे म्हणजे घर फुटल्याची जाहिरात, असे समजून पुष्कळ घरे ते काम टाळतात. हा संकोच समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत फार जबर आहे. नव्या सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेवरून कमी होऊन सासरच्या पत्रिकेवर चढेपर्यंत वर्ष-दोन वर्षे जातात, आणि पहिल्या बाळंतपणाची वेळ नेमकी त्याच काळात येते.

आता, योजना काय देत नाही? येथे आमचा मुख्य मुद्दा आहे. योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याची आहे. खाटेवर न निजता जे दुखणे माणूस वर्षानुवर्षे वागवितो, त्या दुखण्याला तिच्यात जागा नाही. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचा फवारा, दर तीन महिन्यांनी करावयाची रक्ताची तपासणी, हे सारे रोग्याच्या खिशातून जाते. शस्त्रक्रिया आयुष्यात एकदा होते, गोळी रोज घ्यावी लागते. गोळी परवडत नाही म्हणून ती एक दिवसाआड घेणारी वृद्ध माणसे आपल्या ज्ञातीत आहेत, हे येथे बसलेल्या पुष्कळांस ठाऊक आहे. पाच वर्षे असे केल्यावर जेव्हा मूत्रपिंडे निकामी होतात, तेव्हा मात्र योजना धावून येते. गोळीचे पैसे द्यावयाचे नाहीत आणि डायलिसिसचे द्यावयाचे, हा हिशोब सरकारी तिजोरीलाही परवडणारा नाही. परंतु विम्याचे गणित आजवर बहुतेक ठिकाणी असेच मांडले गेले आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ सालच्या आकड्यांवरून असे दिसले की, देशात एका वेळच्या रुग्णालयवासाचा वैद्यकीय खर्च, बाळंतपणे वगळून, सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये तर खासगीत ३१,८४५ रुपये होता. सरकारी आणि खासगी यांतील ही सातपट तफावत ध्यानात घ्यावी. याउलट एक समाधानाची गोष्टही सांगितली पाहिजे. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोक स्वतःच्या खिशातून करतात तो वाटा २०१३-१४ साली शेकडा ६४.२ होता, तो २०२१-२२ साली शेकडा ३९.४ पर्यंत खाली आला, असे केंद्र सरकारचे आरोग्यलेखे सांगतात. शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. परंतु शंभरांतील चाळीस रुपये अद्याप रोग्याच्याच कनवटीचे आहेत, आणि कनवटी रिकामी असली म्हणजे ते कर्जाचे असतात.

दुसरी उणीव अंतराची. कार्ड खिशात असले म्हणून गावात सर्जन उत्पन्न होत नाही. विम्याचा पैसा जेथे रुग्णालय असते तेथेच जातो. आणि संलग्न रुग्णालये मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा शहरांत दाट व कोकणात विरळ आहेत. राजापूर किंवा संगमेश्वर तालुक्यातील वाडीतून रोग्याला मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे म्हणजे गाडीभाडे, बरोबरच्या दोघांचे राहणे-जेवणे आणि तिघांची बुडालेली मजुरी. ही बाब कोणत्याही विम्याच्या यादीत सापडावयाची नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथे अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, ही मोठी आशेची जागा आहे. परंतु महाविद्यालयाचा फलक लागणे आणि तज्ज्ञ डॉक्टर तेथे बिऱ्हाड करून राहणे यांत काही वर्षांचे अंतर असते.

सावंतवाडी, दोडामार्गकडील आमचे बांधव तर पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जात आले. २०१८ सालच्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातील रोग्यांवर शुल्क बसविले, तेव्हा त्या भागात केवढा असंतोष माजला होता हे अनेकांस आठवत असेल. गोव्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. २०१६ साली त्या राज्याने दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना काढली, तीत पाच वर्षे गोव्यात राहिलेल्या कोणत्याही कुटुंबास, गरीब असो वा श्रीमंत, तिघांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख व मोठ्या कुटुंबास चार लाख असे संरक्षण दिले. आपल्या करदात्यांसाठी उभारलेली व्यवस्था शेजाऱ्यांनी भरून जावी, हे कोणत्याही राज्यास जड जाणारच. आरोग्य हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय. त्यामुळे तिलारीच्या खोऱ्यातील माणसाचे दुखणे एकच असले तरी सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे त्याचे हक्क निराळे असतात. सोयरीक मात्र सीमा पाहून झालेली नसते. पेडणे, डिचोलीस दिलेल्या आपल्या मुलींनी तिकडील योजनेत नाव घालून घ्यावे, हे येथेच सांगून ठेवतो.

आता ज्ञातीच्या स्वतंत्र सामूहिक विम्याच्या सूचनेकडे वळू. कायद्याने ते अशक्य नाही. केवळ विमा उतरण्यासाठी जमविलेला समूह चालत नाही. परंतु आपले मंडळ अन्य हेतूने स्थापन झालेले असल्यामुळे ती अडचण येणार नाही. अडचण निराळी आहे. विमा म्हणजे एक मोठी भिशी समजा. फरक एवढाच की, भिशीत ज्याची पाळी त्याला रक्कम, आणि येथे ज्याला दुखणे त्याला रक्कम. ती चालावयाची तर धट्टेकट्टे पुष्कळ आणि दुखणाईत थोडे, असे प्रमाण हवे. आपल्या ज्ञातीतील नोकरी करणाऱ्या तरुणांस त्यांच्या कंपन्यांचा विमा असतो. ते या योजनेत हप्ता कशास भरतील? आत येतील ते बहुधा साठीच्या पुढचे आणि आधीच मधुमेह जडलेले. पहिल्या वर्षी दावे वाढतील, दुसऱ्या वर्षी कंपनी हप्ता वाढवील, वाढलेल्या हप्त्यामुळे जे चार निरोगी होते तेही बाहेर पडतील, आणि तिसऱ्या वर्षी मंडळाचा निधी हप्त्यातच आटून जाईल. कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना निघाली, ती लाखोंच्या सभासदसंख्येमुळे आणि राज्य शासनाच्या हातभारामुळे उभी राहिली. आपली कुटुंबे हजारांच्या घरातही नाहीत. एवढ्या लहान डबक्यात दुष्काळाचे पाणी साठवता येत नाही. ज्या विम्यात राज्यातील सारी कुटुंबे आहेत, त्याच्याइतका मोठा जलाशय कोणतीही ज्ञाती बांधू शकणार नाही. आपण बांधूही नये.

ज्यांस ऐपत आहे त्यांनी खासगी विमा जरूर घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे, तेवढे ओझे कमी झाले. परंतु दोन सूचना. पहिली ही की, पूर्वीचा आजार लपवू नये. १ एप्रिल २०२४ पासून अशा आजारासाठीचा प्रतीक्षाकाल अधिकात अधिक तीन वर्षांचा केला गेला आहे. तो सोसावा, पण दावा नाकारण्याचे निमित्त कंपनीच्या हाती देऊ नये. दुसरी सूचना खोलीची. पुष्कळ विमापत्रांत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या शेकडा एक इतकी असते. तीन लाखांच्या विम्यावर दिवसाला तीन हजारांची खोली मिळते. आपण सहा हजारांच्या खोलीत गेलो तर केवळ भाड्याचाच फरक अंगावर येतो असे नव्हे, डॉक्टरांचे व शस्त्रक्रियेचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, मंजूर होते. पाहुणे भेटीस येतील म्हणून मोठी खोली घेण्याची हौस अशी महाग पडते. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास मुंबई व पुणे येथील विमा लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते. वकील लागत नाही.

धर्मादाय रुग्णालयांविषयीही थोडे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय नोंदणीच्या मोठ्या रुग्णालयांनी शेकडा दहा खाटा निर्धनांस मोफत व शेकडा दहा दुर्बल घटकांस सवलतीत द्यावयाच्या असतात, आणि त्यासाठी एकूण देयकांच्या शेकडा दोन रक्कम वेगळी काढावयाची असते. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी वाढवीत आले आहे. तेव्हा जुना आकडा मनात धरून ‘आम्ही बसत नाही’ असे ठरवून मोकळे होऊ नये. आणि जिल्हा रुग्णालयापासून आरोग्य केंद्रापर्यंत, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले, हेही विसरू नये. महानगरपालिकांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती.

भगिनींना एक स्वतंत्र विनंती. घरातील पुरुषाचे दुखणे हे घराचे दुखणे समजले जाते आणि स्त्रीचे दुखणे अंगावर काढण्याचे समजले जाते. समितीकडे येणारे अर्ज पाहता, स्त्रियांसाठी आलेले अर्ज संख्येने थोडे आणि अवस्थेने बिकट असतात. लावणी संपू दे, गणपती होऊ देत, मुलाची परीक्षा होऊ दे, असे म्हणता म्हणता स्तनातील गाठ वाढत जाते. कार्डावर पुरुषाइतकाच तुमचाही हक्क आहे. तो हक्क वापरण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

राहता राहिला रोगाच्या बंदोबस्ताचा प्रश्न, ज्याचा आरंभी प्लेगच्या निमित्ताने उल्लेख केला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकातील शेकडा आठ रक्कम आरोग्यावर खर्च करावी, आणि आरोग्यावरील पैशाचा दोनतृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक आरोग्यसेवेस द्यावा, असे सांगितले होते. महाराष्ट्राने ती मुदत गाठली नाही. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ प्रदेशात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा मापदंड कागदावर आहे. केंद्राची इमारतही बहुधा असते. पण रात्री तेथे डॉक्टर असतो की कुलूप, हा खरा प्रश्न. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाने माणसे दगावली, पावसाळ्यात लेप्टो आणि डेंगी नेमाने येतात. हे रोग पाच लाखांच्या कार्डाला घाबरत नाहीत. ते घाबरतात वेळेवर केलेल्या रक्ततपासणीला, साफ केलेल्या गटाराला, आणि गावात हजर असलेल्या आरोग्यसेविकेला. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आणि ग्राम आरोग्य समितीत गावकऱ्यांस बसता येते. आपल्या ज्ञातीची शिकलेली माणसे गावी गेली की देवळाच्या जीर्णोद्धाराच्या सभेस आवर्जून जातात; या समित्यांच्या सभेस मात्र कोणी गेल्याचे आम्ही ऐकले नाही. तेथे बसावयाचे तर बौद्धवाडी, कुणबीवाडी, मोहल्ला या साऱ्यांच्या शेजारी बसून सर्वांसाठी मागावे लागेल. एका ज्ञातीसाठी वेगळा डॉक्टर मागता येत नाही. ज्यांस हे अवघड वाटते, त्यांनी विहिरीचे पाणी कोणत्या वाडीतून कोणत्या वाडीत झिरपते ते एकदा पाहून यावे.

तेव्हा निधीविषयी समितीचे म्हणणे असे आहे. निधी बंद करू नये, विमाकंपनीस देऊ नये. त्याचे काम बदलावे. जी शस्त्रक्रिया शासनाच्या योजनेत बसते तिच्यासाठी निधीतून रक्कम देण्यापूर्वी, योजनेतून उपचार का झाले नाहीत, हे समितीने स्वतः रुग्णालयात जाऊन विचारावे. अर्जदारास दोष देण्यासाठी नव्हे, तर अडलेला कागद सोडविण्यासाठी. योजनेचा फुकट दूरध्वनी १५५३८८ हा आहे. अनामत भरण्यापूर्वी त्यावर विचारणा करावी. निधीचा मोठा भाग यापुढे तीन गोष्टींस द्यावा : ज्यांना रोजची गोळी परवडत नाही अशा वृद्धांची वर्षाची औषधे, गावाहून येणाऱ्या रोग्याचे व सोबत्याचे गाडीभाडे, आणि कर्ता माणूस खाटेवर असेल त्या महिन्याचा घरचा शिधा. या तिन्ही बाबी थोड्या पैशांच्या आहेत आणि तिन्ही कोणत्याही कार्डात बसत नाहीत.

शिधापत्रिका विभक्त करणे, नावे जुळविणे व आयुष्मान कार्डे काढणे या कामासाठी दर रविवारी सकाळी नऊ ते बारा मंडळाच्या सभागृहात चार स्वयंसेवक बसावेत, आणि उन्हाळी सुट्टीत, चाकरमानी गावी जातात तेव्हा, त्यांपैकी दोघांनी गावाकडे एक फेरी करावी. या कामास संगणक येणारी तरुण मुले-मुली हवीत. ज्यांची तयारी असेल त्यांनी आज सभा संपताच कार्यवाहांकडे नावे द्यावीत. मदत केवळ ज्ञातिबांधवांसच करावी की शेजारच्या खोलीतील कोणी कागद घेऊन आले तर त्यांचेही काम करावे, असा प्रश्न समितीत निघाला होता. कोणासही परत पाठवू नये, असे समितीने एकमताने ठरविले आहे. निधीच्या नियमांतील बदलाचा ठराव आपल्यापुढे छापील स्वरूपात आला आहे. तो आम्ही सभेपुढे मांडीत आहोत.